आण

जगातली बरी बरी नावं आधीच कुणी तरी घेऊन ठेवलेली,
म्हणून मी माझ्या टूलला दोन अक्षरं दिली: आण.
काळ्या खिडकीत टाईप करायचं
आण कॅलेंडर
आण नकाशा
आण तो बाण, जो बोट लागलं की खाली वळतो
आणि ते येतं,
कुठल्या देशात कुणी रात्र जागून केलेलं, फुकट,
माझ्या फोल्डरमध्ये गपगुमान येऊन बसतं.

खाली दुकानात अण्णा पोऱ्यावर हेच ओरडत असतात.
आण रे थोरलं भगुनं, आण त्या बारा पराती.
मन्मथ मंडप बिछायत केंद्र, देगलूर रोड, उदगीर.
तिथी दाट असली की आमची भांडी पुरत नाहीत,
मग मुनीरभाईंच्या डेगा येतात,
देवणीच्या बिरादारांचे हंडे,
आणि बिदरच्या एका माणसाचे झारे,
ज्याला मी अजून पाहिलेलं नाही.
लाल वहीत अण्णा लिहितात:
डेगा २, मुनीर. एकीचा कान हलतो.
हंडे ५, बिरादार. एकाला पोचा. पोच्याचाच परत द्यायचा.

माझीही वही आहे, टूलच लिहितं.
कॅलेंडर ३.७.१
(३.७.२ नको, त्यात रविवार हरवतो)
बाण १.०.४, करणाऱ्यानं हात काढून घेतलाय, जपून.
आणि प्रत्येक फाईलपुढे आकड्याअक्षरांची लांबलचक ओळ.
आत एक ठिपका जरी कुणी बदलला
तरी टूल तिला उंबऱ्यावरच अडवतं.
अण्णांना हे लगेच कळलं. म्हणाले,
पोचा ध्यानात ठेवायचा असतो,
न्हाई तर भांडं बदललेलं कळावं कसं?

मग राचप्पा दाळ मिलचं काम आलं.
मालक फोनवर म्हणाले, तुमचं पान उघडेस्तोवर
तूर भरडून होते.
मी सगळं पिळायला घेतलं.
मोकळ्या जागा काढल्या, ओळी मोडल्या,
फाईलींच्या माथ्यावरचा मजकूर उडवला:
कुणाचं नाव, साल, आणि एवढंच की
घ्या, वापरा, नाव तेवढं राहू द्या.
अकरा केबी वाचले.

अण्णा चहा घेऊन वर आले.
काय करायलीस?
सांगितलं.
बशी तशीच ठेवून ते खाली गेले,
आले ते डेगीचं एक झाकण घेऊन.
ट्यूबखाली उलटं धरलं.
खिळ्यानं ठोकलेली ठिपक्यांची नावं: एक कानडीत,
एक उर्दूत, काठाला मराठीत कुणी गंगाबाई.
आणि मधोमध वीतभर नुसतंच लख्ख.
हे आमच्या बापानं घासलं, अण्णा म्हणाले. राखेनं. दोन दिवस.
कामून?
भांडं आपलं दिसावं म्हणून.

ते झाकण कुठल्याच लग्नाला जात नाही
हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

नावं ठेवू नये म्हणतात.
मी टूलमध्ये एक नवी कमांड घातली: नावंठेव.
अकरा केबी परत आले.
त्याच्या बदल्यात मालकांच्या फोटोचं वजन उतरवलं,
फेट्यासकट. ते काही बोलले नाहीत.

यादीत एक नाव अशा लिपीत आहे की मला वाचता येत नाही.
वाचता न येणारं नाव आमच्या घरात नवं नाही.

तुमच्यात परत कधी द्यायचं असतं? अण्णांनी जिन्यातून विचारलं.
परत द्यायचं नसतं, अण्णा.
दोन पायऱ्या उतरेपर्यंत ते गप्प.
मग लै जड असंल, म्हणाले,
आणि खाली झारे मोजू लागले, बिदरचे,
एक कमी भरत होता.

शटर पडल्याचा आवाज आला तेव्हा मी ३.७.२ उघडलं होतं,
आणि त्यातला हरवलेला रविवार
शोधायला बसले होते.